वाडा उतरवण्याआधी

पुण्याच्या पेठांत वाडा पडणं ही आता बातमी राहिलेली नाही. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, कुठल्याही पेठेत एखाद्या गल्लीत शिरा, हिरवी जाळी बांधलेली एखादी जागा दिसतेच. मी आर्किटेक्ट आहे आणि जुन्या घरांची दुरुस्ती हे माझं काम. त्या निमित्ताने पडायला आलेल्या वाड्यांत जाणं होऊ लागलं, आणि तिथून जे वाचवता येईल ते वाचवण्याचाही ध्यास लागला. दारं, खांब, खांबांवरचे कोरीव हात, खांबांखालचे दगडी तळखडे, दारांवरच्या गणेशपट्ट्या, कधी फक्त कड्या-कोयंडे. या कामात जे शिकायला मिळालं ते इथे लिहिते आहे. ज्यांच्या घरचा वाडा आज ना उद्या उतरणार आहे, त्यांनी हे वाचावं अशी इच्छा आहे.

१. आधी वाडा, मग वाड्याचे भाग

एखादा कोरीव खांब सुखरूप बाहेर निघाला की फार समाधान वाटतं. पण खांब वाचला म्हणजे वाडा वाचला असं नाही. दिंडी दरवाजातून वाकून आत जायचं, देवडीत डोळे अंधाराला सरावतात, आणि मग एकदम उजेडाचा चौक समोर येतो. चौकाभोवती ओसरी, तिच्यामागे माजघर, त्याच्याही आत देवघर आणि कोठीची खोली. चौकातून तापलेली हवा वर निघून जाते, म्हणून वैशाखातही ओसरीवर बसवतं. ही रचना कुठल्याही वखारीत नेता येत नाही. म्हणून कुणी दारं उतरवायला बोलावलं की मी पहिल्यांदा एकच विचारते, वाडा खरंच पाडावा लागणार आहे का?

बऱ्याचदा दुखणं एका कोपऱ्यात असतं. कौलं फुटलेली असतात, पावसाचं पाणी भिंतीत मुरतं आणि भिंतीत गेलेलं तुळईचं टोक कुजतं. बाकीची तुळई खणखणीत असते. चांगला सुतार खालून टेकू देऊन कुजलेलं टोक कापतो आणि नव्या सागाचा जोड देतो. पण तपासायला आलेल्या इंजिनिअरला फक्त आरसीसीच ठाऊक असेल, तर तो भिंतीतली माती आणि चुना बघून ‘धोकादायक’ असा शेरा मारून मोकळा होतो. लाकूड आणि चुना जाणणाऱ्या माणसाचं दुसरं मत घेतल्याशिवाय कुणीही वाड्यावर घाव घालू नये.

२. मालकाला खलनायक ठरवू नका

वाडा पाडला म्हणून मालकाला लोभी म्हणणं सोपं आहे. मी तसं कधीच म्हणत नाही. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबई इलाख्यातली भाडी १९४० सालच्या पातळीला बांधून ठेवली. पुढे १९९९चा कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि मग वर्षाला ४ टक्के वाढ घेण्याची मुभा मिळाली. पण वाढ कशावर, तर त्याच जुन्या आकड्यावर. दहा बिऱ्हाडांचं मिळून जे भाडं यायचं, त्यात एका पावसाळ्याची कौलं चाळणंही व्हायचं नाही. मालक दुरुस्ती करेना, भाडेकरू स्वतःच्या खिशातून करेनात, आणि वारस वाढत गेले तसे सातबाऱ्यावर आणि प्रॉपर्टी कार्डावर नावं वाढत गेली.

त्यात १२ जुलै १९६१चा पूर. पानशेत धरण फुटलं, खडकवासल्याची भिंत गेली आणि नदीकाठच्या पेठांतल्या मातीच्या भिंती तासन्‌तास पाण्यात उभ्या राहिल्या. कित्येक वाडे त्या दिवशीच बसले. जे उभे राहिले त्यांतल्या अनेकांच्या भिंती पुढे कधीच नीट वाळल्या नाहीत.

शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, आणि दुरुस्तीलाही परवानगी काढावी लागते. हेतू चांगला आहे, पण शेजारच्या जुन्या घरात राहणाऱ्या माणसाला त्यातून फक्त हेलपाटे मिळतात. माझ्या मते स्मारकाभोवतीच्या जुन्या घरांना दुरुस्तीसाठी पैसा आणि तज्ज्ञ मिळाले असते, तर त्या घरांनीच स्मारकाची शोभा राखली असती.

३. सही होण्याआधी पोहोचा

या लेखातली सगळ्यांत कामाची गोष्ट हीच. वाडा पाडण्याचं काम ज्याला मिळतं, त्याचा हिशेब साधा असतो. पाडायची मजुरी, राडारोडा वाहून न्यायचा खर्च, आणि त्यातून निघणाऱ्या मालाची किंमत. माल म्हणजे साग, लोखंड, पितळ, दगड, कौलं, विटा. साग भरपूर असेल तर ठेकेदारच मालकाला पैसे देतो. एकदा हा करार झाला की देवघराची चौकट, पाळण्याच्या कड्या, दिंडी दरवाजा, सगळं ठेकेदाराचं. मग घरच्यांना ते परत हवं असेल तर विकत घ्यावं लागतं, आणि तोपर्यंत भावही चढलेला असतो.

म्हणून बिल्डरशी किंवा ठेकेदाराशी बोलणी चालू असतानाच वाड्यातून फिरून यादी करावी. ‘खालील वस्तू मालकाच्या राहतील, त्या ठेकेदाराने हाताने, न कापता उतरवून द्यायच्या’ असं वाक्य करारात घालावं आणि प्रत्येक वस्तूचा फोटो जोडावा. ‘न कापता’ हे शब्द विसरू नयेत. त्यामुळे पैशात थोडा फरक पडतो, मालक कुरकुरतात, पण पुढे त्यांनाच बरं वाटतं. एका वाड्यात सगळे वारस रकमेवरून भांडत होते. यादी करायला बसलो तेव्हा प्रत्येकाने वेगवेगळी वस्तू सांगितली. थोरल्या काकूंना जातं ठेवायचा दगड हवा होता, धाकट्या काकांना अंगणातलं तुळशीवृंदावन. त्या यादीवर मात्र कुणीच भांडलं नाही.

४. नोंद नसेल तर ते फक्त लाकूड

जुन्या बाजारात आणि लाकडाच्या वखारींत मी पुष्कळ वस्तू पाहते. सुंदर असतात, पण कुठल्या वाड्यातल्या, कुठल्या मजल्यावरच्या, हे विक्रेत्याला माहीत नसतं. ‘जुनं आहे, पेशवाई आहे’ एवढंच तो सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेल्या घरातलं दारही त्याच्याकडे पेशवाईच होतं. अशा दारावरून आपल्याला ना सुताराबद्दल काही कळतं, ना घराबद्दल.

म्हणून हातोडी पडण्याआधी तीन गोष्टी करायच्या. संपूर्ण वाड्याचा मोजून काढलेला नकाशा, निदान तळमजल्याचा तरी. प्रत्येक भिंतीचा समोरून सरळ फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. आणि उतरवायच्या प्रत्येक तुकड्यावर क्रमांक. खडूचा क्रमांक पुसला जातो, म्हणून पत्र्याची छोटी चकती मागच्या बाजूला खिळ्याने ठोकायची. वहीत लिहायचं : पहिला चौक, पूर्वेची ओसरी, उत्तरेकडून तिसरा खांब.

जुने सुतारही हेच करत. एका वाड्यात खांब काढताना त्याच्या कुसवावर, म्हणजे भोकात बसणाऱ्या टोकावर, छिन्नीने मारलेल्या तीन रेघा दिसल्या, आणि वरच्या हाताच्या भोकात तशाच तीन. शेजारच्या खांबाला चार. जमिनीवर खांब आणि हात जुळवून पाहिले असणार, खुणा केल्या असणार आणि मग वाडा उभा केला असणार. आमच्याबरोबरचे मिस्त्री ते पाहून बराच वेळ तिथेच उकिडवे बसून राहिले. म्हणाले, “ताई, याने आपल्यासाठीच लिहून ठेवलंय.” तेव्हापासून मी आमच्या चकतीवरच्या क्रमांकाबरोबर सुताराची मूळ खूणही वहीत उतरवून घेते.

नीट काढलेलं पुन्हा कसं उभं राहतं ते पाहायचं असेल तर शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. कोथरूडच्या मस्तानीच्या महालाचे भाग दिनकर केळकरांनी आणले आणि संग्रहालयात महाल पुन्हा उभारला. मूळ जागी राहिला असता तर आज त्यातलं काहीच दिसलं नसतं.

५. चौकट कशी काढायची

वाड्यातली सगळ्यांत जास्त नासणारी वस्तू म्हणजे दाराची चौकट, आणि ती नासते अज्ञानाने. आजच्या चौकटीसारखी ती भिंतीच्या भोकात बसवलेली नसते. आधी चौकट उभी करायची आणि मग तिच्याभोवती भिंत रचायची, अशी रीत होती. गणेशपट्टीचं आणि उंबरठ्याचं लाकूड उभ्या खांबांच्या बाहेर दोन्हीकडे लांब भिंतीत गेलेलं असतं. या चार टोकांवर भिंतीचं वजन बसतं आणि चौकट हलत नाही.

घाईतला मजूर काय करतो? कटर घेतो आणि चारही टोकं भिंतीलगत कापतो. पाच मिनिटांत चौकट मोकळी. पण आता तिचे सांधे उघडे पडलेले असतात. उभ्या खांबाचं कुसू ज्या लाकडात बसलं होतं, त्याच्या पलीकडे लाकूडच उरत नाही, म्हणून पुन्हा उभी केल्यावर ती डुगडुगते. लोखंडी पट्ट्या मारून बसवावी लागते.

मिस्त्रींची रीत अशी. आधी वरच्या मजल्याचं ओझं उतरवायचं. मजल्याच्या लाकडी कडीपाटावर मातीचा जाड थर असतो, तो घमेल्यांनी काढायचा, कारण त्याचं वजन प्रचंड असतं. मग तुळईखाली टेकू. मग गणेशपट्टीच्या वरच्या विटांचे थर वरून खाली, एकेक करून सोडवायचे. चुन्यातली वीट पहारीच्या हलक्या धक्क्याने सुटते, आणि अखंड सुटते, हे सिमेंटमधल्या विटेचं कधी होत नाही. दोन्ही बाजूंची टोकं मोकळी झाली की चौकट दोरांनी बांधायची, चार माणसांनी धरायची आणि उभीच्या उभी पुढे घ्यायची. दाराची पाखं आधीच काढलेली असतात. जुन्या दारांना बिजागऱ्या नसतात. फळीलाच वर-खाली गोल टोकं काढलेली असतात, वरचं चौकटीच्या आडव्या लाकडातल्या भोकात फिरतं आणि खालचं उंबरठ्यातल्या खळग्यात. पाख थोडं वर उचललं की खालचं टोक सुटतं. हे ठाऊक नसलं की माणसं दार ओढतात, ते टोक मोडतं, आणि दार पुन्हा कधीच मूळच्या रीतीने लागत नाही.

या कामाला अर्धा दिवस लागतो. ठेकेदार वेळ देत नाही, म्हणून तिसऱ्या मुद्द्यातला करार लागतो.

६. खांब एकटा नेऊ नका

खांबाखाली दगडाचा तळखडा असतो. त्याच्या खळग्यात खांबाचं खालचं कुसू बसतं आणि लाकूड ओलीपासून वर राहतं. खांबाच्या डोक्यावर दोन्हीकडे पसरणारे हात असतात, केळफुलाचे, पानांचे, क्वचित पोपटांचे. हातांवर तुळई. हे चार मिळून एक रचना होते. गिऱ्हाईक फक्त खांब मागतं, तळखडा राडारोड्यात जातो, आणि हात तिसऱ्याच माणसाकडे. मग खांब एखाद्या हॉटेलात थेट फरशीवर उभा केलेला दिसतो, पायाशी पुसायचं पाणी मुरत असतं आणि तो खालून काळा पडत जातो. सुरूच्या आकाराचे खांब आपल्या पूर्ण थाटात पाहायचे असतील तर विश्रामबागवाड्यासमोर उभं राहून पाहावेत. ते एकदा नजरेत बसले की सुटा खांब विकत घ्यावासा वाटत नाही.

७. कोरीव कामाला वखारीत किंमत नाही

जुना साग घनफुटावर विकला जातो. लांब, सरळ, साधी तुळई म्हणजे उत्तम माल, तिच्या फळ्या निघतात. कोरलेला हात मात्र वखारवाल्याच्या लेखी वाकडातिकडा तुकडा, त्यातून फळी निघत नाही. जुन्या वस्तूंचा व्यापारी वेळेवर आला तर ठीक, नाहीतर केळफूल करवतीखाली जातं. किडके आणि तुटके तुकडे जळणाला जातात. मुंबई-पुण्याच्या जुन्या बेकऱ्यांच्या भट्ट्यांत असं लाकूड वर्षानुवर्षं जळत आलं आहे.

म्हणून पैसे थोडे असतील तर मी लोकांना सांगते, तुळई सोडा, हात घ्या. साग उद्याही मिळेल, पण त्या सुताराच्या हातचं कोरीव काम पुन्हा मिळणार नाही.

८. सोड्यात बुडवू नका

कोरीव कामावर ऑइलपेंटचे पाच-सात थर असतात. ते काढायला कॉस्टिक सोड्याच्या टाकीत दार बुडवणारे लोक आहेत. रंग जातो, पण लाकूड काळवंडतं, त्याचे तंतू फुलतात आणि नक्षीच्या कडा बोथट होतात. गरम हवा, पातळ पात्याची खरवडणी आणि चिकाटी, एवढंच वापरावं, आणि हवा जपून तापवावी. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून तोंडाला मास्क हवाच आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

९. जीव पणाला लावू नका

शिकागोचा छायाचित्रकार रिचर्ड निकेल हे नाव या कामातल्या प्रत्येकाला माहीत असावं. लुई सलिव्हन या मोठ्या वास्तुशिल्पकाराच्या इमारती शहराच्या मध्यभागातून एकामागून एक पाडल्या जात होत्या. निकेलने आधी त्यांचे फोटो काढले, मग त्या पाडू नयेत म्हणून लढा दिला, आणि लढा हरल्यावर त्यांची नक्षीदार कामं स्वतःच्या हाताने सोडवून आणली. १९७२च्या एप्रिलमध्ये, अर्धवट पाडलेल्या स्टॉक एक्स्चेंजच्या इमारतीत तो एकटा गेला आणि मजला त्याच्यावर कोसळला. त्याचा मृतदेह हाती लागायला आठवडे गेले. १८९४च्या त्या इमारतीचं व्यवहार-दालन आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा उभारलेलं आहे आणि तिची प्रवेशकमान बाहेर उभी आहे. ते पाहणाऱ्यांनी त्यामागे एक माणूस गेला हेही ध्यानात ठेवावं.

आमचा नियम असा : एकट्याने जायचं नाही, पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस जायचं नाही, आणि पाडकाम सुरू झाल्यावर तर मुळीच नाही. मातीची भिंत भिजली की आवाज न करता बसते.

१०. शंभर वर्षांची वस्तू परदेशी जात नाही

१९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, इमारतीतून सुटी केलेली वस्तूही पुरावस्तूत येऊ शकते. खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. परदेशी राहणाऱ्या मुलाला आजोबांचं दार पाठवायचं ठरवणाऱ्यांनी आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.

११. दाराचं दारच राहू द्या

जुन्या दारावर काच टाकून केलेलं जेवणाचं टेबल मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. मला ते आवडत नाही. दार उघडण्या-लागण्यासाठी आहे. त्याच प्लॉटवर उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीला जुनी चौकट लावता येते. उंची कमी पडते, पण वर झडप देऊन ती भागवता येते, आम्ही तसं करून दिलं आहे. तिथल्या एका आजींनी नव्या फ्लॅटच्या दाराची जुनी कडी पहिल्या दिवशी वाजवून पाहिली आणि म्हणाल्या, “आवाज तोच आहे.”

कर्नाटकात मणिपालला विजयनाथ शेणॉय यांनी पडणाऱ्या घरांचे भाग जमवून आधी स्वतःचं राहतं घर बांधलं आणि पुढे घरंच्या घरं आणून हेरिटेज व्हिलेज उभं केलं. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्रमध्ये दक्षिणेतली घरं सोडवून आणून पुन्हा बांधलेली आहेत, १९९६पासून ती लोकांना पाहता येतात. महाराष्ट्रात, आणि त्यातही पुणे, नाशिक, वाई, साताऱ्यात इतके वाडे असताना आपल्याकडे त्या तोडीचं काही नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१२. पालिकेने एक वखार काढावी

२०१६च्या बांधकाम राडारोड्याच्या नियमांनी मोठ्या पाडकामात लाकूड, विटा, काँक्रीट वेगवेगळं ठेवणं सक्तीचं केलं. त्याच्या पुढे एकच पाऊल हवं आहे. जुन्या पेठांतल्या कुठल्याही घराला पाडण्याची परवानगी देताना मोजलेला नकाशा आणि फोटो पालिकेकडे जमा करून घ्यावेत. मालकाला नको असलेले कोरीव भाग रास्त भावाने घेऊन, क्रमांक टाकून, कोरड्या जागी ठेवावेत. ज्यांना वाडा दुरुस्त करायचा आहे त्यांना तिथून जुना खांब, जुनी वीट, जुना तळखडा मिळावा. आज वाडा दुरुस्त करणाऱ्या माणसाला एका हाताची जोडी शोधायला वखारी धुंडाळाव्या लागतात, आणि तोच हात दोन गल्ल्या पलीकडे भट्टीत गेलेला असतो.

वखार निघेपर्यंत हे काम आपलंच आहे. तुमच्या ओळखीत कुणाचा वाडा जाणार असेल तर या रविवारी मोजपट्टी, वही आणि फोन घेऊन तिथे जा, आणि घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला बरोबर घेऊन खोल्या फिरा.